गाडीवर बसेल तेवढंच

बेळगावात कुणी लांबच्या गावाला निघालं की शेजारपाजारचे दोन गोष्टी विचारतात. कधी निघणार आणि कशानं जाणार? गेल्या डिसेंबरात आम्ही 'भोपाळला, मोटरसायकलवरून' असं सांगितल्यावर धारवाडहून तिसरा प्रश्न आला. तो सासूबाईंचा होता. "मग कुंदा कशात नेणार?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भोपाळच्या जवाहर चौकात आमची आत्या राहते. ती लग्न होऊन १९७३ साली तिकडे गेली. सासर मूळ नागपूरचं. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर भोपाळला हलली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सरकारी नोकरांसाठी जी क्वार्टरं उभी राहिली, त्या वस्तीला नाव मिळालं तात्या टोपे नगर. सगळे टी. टी. नगर म्हणतात. जवाहर चौक त्यातलाच. आत्याच्या सासऱ्यांचा संसार तिथे लागला आणि निवृत्तीनंतरही हे लोक चौकापासून लांब गेले नाहीत. जुनी क्वार्टरं आता बरीचशी पाडली गेली आहेत. स्मार्ट सिटीच्या कामात त्या भागाचं रूपच पालटलं.

आता पंच्याहत्तरी उलटल्यावर आत्या लेकीकडे हैदराबादला कायमची निघाली होती. घर आवरायला काढलं होतं. फोनवर म्हणाली, "येऊन जा रे एकदा. तुझा बाबा आला होता तसा ये."

बाबा १९८१ च्या भाऊबीजेला येझदीवरून गेले होते. येझदी म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गाडी. १९६१ पासून १९९६ पर्यंत तो कारखाना चालला आणि त्या काळात आपल्या भागातल्या हौशी माणसाची ती पहिली पसंती असायची. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे, म्हणून तेलाचा डबा फडक्यात गुंडाळून बरोबर. मागे उद्यमबागेतून वेल्डिंग करून घेतलेलं लोखंडी कॅरियर, त्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी आणि सगळ्याला सुतळीचा काथ्याकूट. बाबा सांगायचे की साठच्या वर वेग गेला की हँडल गाईच्या मानेसारखं डोलायला लागायचं. दोष ते रस्त्याला द्यायचे. दोष ट्रंकेचा होता, हे मला यंदा कळलं.

गाडीवर किती सामान न्यायचं, हे आपण पिशवीच्या आकारावरून ठरवतो. खरं उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतं, जी आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर काढत नाही. तिथे गाडीनं जास्तीत जास्त किती भार वाहावा याचा आकडा दिलेला असतो. १०० सीसीच्या काही गाड्यांना तो १३० किलो आहे. या १३० मध्ये चालवणारा आला, मागे बसणारी आली, दोघांची हेल्मेटं, जाकिटं, बूटही आले. साठ-साठ किलोची दोन माणसं बसली की सामानाला उरले दहा किलो. कुंद्याचे दोन आणि करदंटाचे दोन डबे घेतले की त्यातले चार किलो तिथेच संपले.

आमची गाडी मोठी आहे, तरी हिशेब केल्यावर पंचवीस किलोच उरले. घरी वजनाचा काटा होता. पिशवी हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. पहिल्या दिवशी पिशव्या भरून झाल्या तेव्हा आकडा आला ४१. सौ. म्हणाली, "काटा बिघडलाय." काटा नीट होता.

मग चार संध्याकाळी घरात एकच काम चाललं. कपड्यांचे जोड सहावरून तीनवर आले. गंमत अशी की आम्ही प्रवासाचा काळ मोजून कपडे घेतो. धुण्याची सोय मोजून घेतले तर निम्मे लागतात. आत्याकडे नळ आहे, दोरी आहे आणि डिसेंबरचं ऊन आहे. चपलांचा एकच जोड. चार्जर एकच, वायरी दोन. जाड स्वेटर पिशवीत जागा खातात, ते अंगावर घालायचे. उत्तरेकडे पहाटेची थंडी अशी बोचते की नाहीतरी ते अंगावरच येतात. सासूबाई तेवढ्यासाठी धारवाडहून आल्या होत्या. त्या शेंगा चटणीची पुडी हातात धरून म्हणत, "इन्ना स्वल्प इडूण," आणि सौ. म्हणे, "साकु अव्वा, साकु." मी दोघींच्या मध्ये न पडता काटा सांभाळला.

खाण्याचं मात्र सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न आपल्या घराघरात येणार. कडक भाकरी सॅडल बॅगेत दुसऱ्या दिवशी चुरा होते. चवीला ती चांगलीच लागते, पण मग ती भाकरी राहत नाही. शेंगाची पोळी टिकते, पण उन्हात तूप सुटून कपड्यांना लागतं. चटणी दुहेरी पिशवीत बांधली तर उत्तम. करदंट दगडासारखं पक्कं, त्याला काही होत नाही. कुंद्याला गोल पत्र्याचा डबा हवा, पुठ्ठ्याचा खोका नको. आणि तो बॅगेच्या मधोमध कपड्यांत पुरायचा.

आता वजन कुठे ठेवायचं ते. जड वस्तू खाली आणि शक्य तितकी पुढे, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या भागात असावी. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे आणि उंच ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढचं चाक उचलू पाहतं. चाक खरोखर उचललं जात नाही, पण त्याची रस्त्यावरची पकड सैल होते आणि वेगात हँडल थरथरतं. बाबांची ट्रंक नेमकी तिथे होती. या बाबतीत जुन्या चेतक स्कूटरवाल्यांना मी मानतो. पीठ, गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, सगळं पायांच्या मध्ये फळीवर. जड, खाली आणि मधोमध. (ते योग्य होतं असं नाही. सिलिंडर असला की ब्रेकवर पाय कुठे ठेवत, देव जाणे.)

मोटरसायकलला दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सॅडल बॅगा बऱ्या. दोन्हीचं वजन सारखं हवं, किलोभराचा फरकही वळणावर कळतो. बॅग सायलेन्सरला टेकता कामा नये. इंडिकेटर, मागचा दिवा, नंबर प्लेट झाकली जाऊ नये. टाकीवरच्या छोट्या बॅगेत दिवसभर लागणारं हलकं सामान ठेवावं. ती चुंबकाची घेणार असाल तर आपली टाकी लोखंडी पत्र्याची आहे ना, ते आधी पाहा, कारण काही गाड्यांवर वरून प्लॅस्टिक असतं. बॅगेसोबत येणाऱ्या रेनकोटवर माझा भरवसा नाही. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधलं की काम होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये कठीण वस्तू ठेवायची नाही. पडलो तर ती थेट मणक्यात.

सामान चढलं की गाडीही त्याप्रमाणे लावून घ्यावी लागते. मागच्या चाकातली हवा दोघांच्या भाराची, तिचा आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मागचे शॉकअप बहुतेक गाड्यांना पान्यानं एक-दोन घरं कडक करता येतात. चेनचा ढिलेपणा तपासायचा. आणि हेडलाइट! मागून गाडी बसली की दिव्याचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. समोरून येणारे आपल्याला सारखे का लुकलुकवतात, हे पहिल्या रात्री साताऱ्यापुढे आमच्या लक्षात आलं.

निघताना सासूबाई फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "हगूर होगि बर्री." हगूर म्हणजे सावकाश, आणि हगुर म्हणजे हलकंही. दोन्ही सूचना एका शब्दात मिळाल्या. तेवीस किलो होतं.

बेळगाव ते पुणे पहिला दिवस, दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव करत धुळे. वाटेत येवला लागतं. तात्या टोप्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं ते हेच. येवल्यातून निघून टी. टी. नगरला पोचायचं, हा योग आम्ही ठरवून आणलेला नव्हता. चहा प्यायला थांबलो तेव्हा सौ.नं वाद्या हलवून पाहिल्या आणि म्हणाली, "डावीकडची ढिली झालीय." ही तिनं लावून घेतलेली सवय फार मोलाची. नव्यानं बांधलेलं सामान पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरांत बसतं आणि वाद्या ढिल्या पडतात. म्हणून पहिला थांबा लवकर घ्यायचा, आणि नंतर प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहायचं. पेट्रोल भरलं, वाद्या पाहिल्या. चहा झाला, वाद्या पाहिल्या.

ही सवय मोडली सेंधव्याच्या घाटात, आणि ती मी मोडली.

धुळ्याला रात्री स्वेटर काढून ठेवले होते, सकाळी कंटाळा करून ते एका वेगळ्या पिशवीत कोंबले आणि पिशवी बॅगेवर रबरी हुकांच्या दोरीनं अडकवली. त्या दोरीत ताण असतो, पकड नसते. बिजासनच्या वळणांवर ती पिशवी इंचाइंचानं उजवीकडे सरकली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, मी त्याला हातानं पुढे जायची खूण केली. तो पुढे गेला नाही, वाजवतच राहिला. मग सौ.ला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. थांबून पाहिलं तर पिशवी सायलेन्सरला चिकटली होती, आणि दोरीचं सुटलेलं टोक मागच्या चाकाच्या आसाभोवती दोन वेढे घेऊन बसलं होतं. आणखी एक वेढा चेनमध्ये गेला असता तर चाक जागीच अडकलं असतं. उतारावर, मागे ट्रक. पुढचं मी लिहीत नाही.

ट्रकवाला उतरला. हरयाणाचा होता. खिशातून चाकू काढून त्यानं दोरी कापली आणि मला एवढंच म्हणाला, "भाभीजी को बोलो, सामान आपसे अच्छा वो देखती हैं." दोन स्वेटर आणि माझा एक शर्ट गेला. कुंदा शाबूत.

तेव्हापासून रबरी दोरी आमच्या घरात गाडीसाठी वापरत नाही. तिचा हूक सुटून डोळ्यात जाण्याचीही भीती असते. बक्कल असलेल्या नायलॉनच्या पट्ट्या घ्याव्यात, ओढून घट्ट कराव्यात आणि उरलेलं टोक गाठ मारून आत खोचावं. लोंबतं काहीच नको. साडीचा पदर किंवा ओढणी यांना हाच नियम, साडी गार्ड असला तरी.

खलघाटला नर्मदा ओलांडली, इंदूरला मुक्काम केला आणि चौथ्या दिवशी देवास, आष्टा, सिहोर करत दुपारी भोपाळ. साधारण साडेअकराशे किलोमीटर झाले. आत्या गच्चीत उभी होती. खाली येऊन तिनं आधी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "ट्रंक नाही?"

दोन दिवस पोहे-जिलेबी, न्यू मार्केटची चक्कर आणि जुन्या क्वार्टरच्या जागी काय उभं राहतंय ते पाहणं, यात गेले. आत्यांचे शेजारी, निवृत्त इतिहास-शिक्षक, आमच्या सामानाची कथा ऐकून रंगात आले. म्हणाले, सामानापायी अडकायचं असेल तर भोपाळसारखी जागा नाही. डिसेंबर १७३७ मध्ये निजामाची मोठी फौज, तोफखाना आणि बाजारबुणगे घेऊन इथेच अडकली. बाजीरावांचे हलके घोडेस्वार भोवती फिरत राहिले, रसद तुटली, आणि जड सामानासह निसटताही येईना. जानेवारी १७३८ मध्ये दोराहाला तह झाला. पुढे पानिपतावर बाजारबुणग्यांचं ओझं आपल्याच पाठीवर होतं, ही पुस्ती त्यांनीच जोडली.

तिसऱ्या दिवशी आत्यानं कपाट उघडून फडक्यात गुंडाळलेली समयांची जोडी काढली. आजीची. लग्नात बेळगावाहून आलेली. "या हैदराबादला नेऊन काय करू? तिच्या घरात देवघर भिंतीतलं, एवढंसं. या परत जाऊ देत."

मी काटा मागितला. नऊ किलो दोनशे ग्रॅम. मी म्हटलं, "आत्या, रेल्वेनं पार्सल करू या." ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पार्सलनं नको. कुणाच्या तरी हातानं जाऊ देत." मग एकच नेऊ का, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तो प्रश्न मी परत विचारला नाही.

त्या रात्री सौ.नं पुन्हा सगळं सामान जमिनीवर मांडलं. उलटा हिशेब केला. नऊ किलो ठरलेले, बाकी काय राहतं? कपडे, चपला, भेटीदाखल मिळालेली दोन पुस्तकं आणि एक चादर यांचं सात किलोचं गाठोडं झालं, ते दुसऱ्या दिवशी टपाल पार्सलनं बेळगावला रवाना. कपडे कुणाच्याही हातानं गेले तरी चालतात. खाऊचे डबे रिकामे झाले होतेच.

समई जड असली तरी ती सुटी होते, हे बरं. बैठक, खांब, थाळी आणि वरचा मोर, सगळं आट्यांनी फिरवून वेगळं. पन्नास वर्षं न उघडलेल्या आट्या खोबरेल तेल लावून, रात्रभर ठेवून, सकाळी हलक्या हातानं फिरल्या. एकीचा खांब काही केल्या सुटेना, तो तसाच राहिला. दोन बैठका दोन सॅडल बॅगांच्या तळाशी, पुढच्या बाजूला. जोडी असल्यामुळे दोन्हीकडचं वजन आपोआप सारखं झालं. थाळ्यांच्या पोकळीत मोजे भरले. मोरांच्या चोची टोकदार, म्हणून त्या आत्याच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांत गुंडाळल्या. पितळ पितळावर आपटू नये एवढंच पाहायचं होतं. बॅगेत काही हलतंय का, हे गाडी आडवी-उभी हलवून, कान लावून ऐकलं. मग जवाहर चौकातून एक लांबशी रिकामी फेरी मारून आलो आणि पुन्हा वाद्या आवळल्या. अशी चाचणीची फेरी बेळगावातच मारायला हवी होती, निघायच्या आठवडाभर आधी.

कागदपत्रं, पैसे आणि औषधं मात्र बॅगेत ठेवली नाहीत. येतानाही नाही, जातानाही नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, मुंबईहून मोटरसायकलवर निघून इंग्लंडला पोचलेल्या योगेश आळेकरी यांची गाडी नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली, तेव्हा तिच्यावरच्या सामानात पासपोर्टही होता. गाडी पुन्हा मिळवता येते, पण परक्या देशात पासपोर्टाशिवाय उभं राहणं वेगळं. आपल्याला पासपोर्ट लागत नाही, पण लायसन्स, गाडीची कागदपत्रं आणि रक्तदाबाच्या गोळ्या कमरेच्या पाऊचमध्ये हव्यात. कागदपत्रं मोबाइलच्या डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, मात्र मोबाइलची बॅटरी संपली की तीही संपली. बॅग गेली तर माणूस घरी पोचला पाहिजे, इतपत सगळं अंगावर.

परतताना सेंधव्याचा घाट चढून पार झाल्यावर आम्ही थांबलो, वाद्या पाहिल्या. उजवीकडची पट्टी एक बोट ढिली होती. ती कोणी बांधली होती, हे सांगायची गरज नाही.

नवव्या दिवशी रात्री बेळगावात पोचलो. सासूबाई धारवाडला परत गेल्या नव्हत्या. त्यांनीच समया जोडल्या, चिंचेनं घासल्या आणि देवापुढे ठेवल्या. न सुटलेल्या खांबाची समई किंचित डावीकडे झुकते. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्ही पोचल्या ना? उजवीकडच्या थाळीला पोचा आहे का बघ." पोचा आहे. तो १९७३ च्या प्रवासातला, असं आत्याचं म्हणणं. सौ.च्या मते तो मालेगावजवळच्या गतिरोधकाचा. मी दोघींच्या मध्ये पडलेलो नाही.